बालवाडीतली गाणी वाचनापर्यंत कशी न्यायची?

सांजवेळ

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात मी बालवाडी चालवते. तीन ते सहा वयाची मुलं, एकच खोली, पुढे अंगण. आमच्याकडे गाणी भरपूर होतात. हात धुताना गाणं, खाऊच्या आधी गाणं, पाऊस आला की पावसाचं गाणं. गेल्या पालकसभेत एका आजोबांनी उभं राहून विचारलं, "बाई, पोरगं घरी येऊन गातंय ते झ्याक, पण अक्षर कधी वळवणार?" प्रश्न रास्त आहे. त्यांच्या मनात शाळा म्हणजे पाटी, पेन्सिल आणि गिरवणं.

माझं मत असं की वाचन कानापासून सुरू होतं आणि कान तयार करायला गाण्यासारखं दुसरं साधन नाही. पण गाणं म्हणून झालं, टाळ्या वाजल्या, संपलं, एवढ्यावर थांबलो तर आजोबांचं म्हणणं खरं ठरतं. गाण्यापासून अक्षरापर्यंतची वाट आपल्यालाच आखून द्यावी लागते. ती तुम्ही कशी आखता ते इथे सविस्तर लिहा ना.

माझ्या वर्गातलं एक सांगते. सकाळी गोलात बसलो की हजेरी गाण्यात घेतो. "कोण आलं, कोण आलं, दारात कोण आलं?" मग सगळे मिळून, "मी-मी-मीना आली, मीना आली!" किंवा "सा-सा-साहिल आला!" नावाचं पहिलं अक्षर तेवढं दोनदा जास्त म्हणायचं. महिन्याभरात मुलं स्वतःहून सांगायला लागतात, "बाई, साहिल आणि सानिका सारखेच सुरू होतात." हे ऐकलं की मला वाटतं, आता या मुलाला 'सा' दाखवायची वेळ झाली. मग भिंतीवरच्या नावाच्या पट्ट्या काढायच्या आणि दोन्ही पट्ट्यांवर 'सा' शोधायला लावायचं.

---

मुळाक्षर

छान धागा. बालवाडीतून निवृत्त झाले, पण जीव अजून तिथेच आहे, म्हणून लांबण लावते.

सांजवेळ, नावांची हजेरी उत्तमच. स्वतःचं नाव हा मुलाला सगळ्यात जवळचा शब्द. त्याच्या जोडीला आणखी एक करून बघा. मुलांना तोंडपाठ असलेलं गाणं म्हणायचं आणि ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी थांबायचं. "आपडी थापडी, गुळाची..." आणि गप्प. सगळा वर्ग ओरडतो, "पापडी!" दुसऱ्या दिवशी मुद्दाम चुकीचा शब्द घालायचा. "गुळाची भाकरी!" मुलं हसतात आणि हरकत घेतात. का चूक, ते त्यांना नियमाने सांगता येत नाही, पण कानाला खटकतं. भाकरी थापडीशी जुळत नाही हे ज्या मुलाला खटकलं, त्याने 'पडी' हा तुकडा शब्दातून वेगळा ऐकला. पुढे वाचताना नेमकं हेच लागतं, शब्द फोडून ऐकणं.

त्यानंतर मुलांनाच जुळणारे शब्द काढायला सांगायचे. टोपडी, खोपडी, झापडी असे शब्द येतात, आणि 'लापडी', 'मापडी' असे अर्थ नसलेलेही येतात. ते खोडून काढू नका. अर्थ नसलेला पण यमकात बसणारा शब्द मुलाने स्वतः बनवला तर त्याच्या कानाची तयारी उत्तम चालली आहे.

गाणं तक्त्यावर लिहून कसं वापरायचं ते पुढच्या प्रतिसादात लिहीन, इथे वीज जातेय.

---

ध्वनिवेडा

वाचनखूण साठवली. माझा अभ्यास भाषाविज्ञानाचा, वर्गात शिकवण्याचा अनुभव नाही, त्यामुळे फक्त दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली. ऑक्सफर्डच्या ब्रॅडली आणि ब्रायंट या दोघांचा १९८३ सालचा एक शोधनिबंध या विषयात पायाभूत मानतात. यमक आणि सारख्या सुरुवातीचे शब्द ओळखायचा सराव त्यांनी लहान मुलांकडून करून घेतला. एका गटाला फक्त ध्वनींचा सराव दिला. दुसऱ्या गटाला तोच सराव दिला, शिवाय प्लास्टिकची अक्षरं हातात देऊन कोणता ध्वनी कोणत्या अक्षराचा तेही दाखवलं. वाचनात आणि शब्द लिहिण्यात सगळ्यात पुढे गेला तो दुसरा गट. म्हणजे धागाकर्तीचं म्हणणं बरोबर आहे. कान हवा, पण कानाची अक्षराशी गाठही घालून द्यायला हवी.

दुसरी गोष्ट मराठीची. तो अभ्यास इंग्रजीचा होता. तिथे एकेक सुटा ध्वनी पकडावा लागतो. आपली लिपी अक्षरांची, 'का' हा एकच तुकडा. लहान मुलाच्या कानाला सुटा 'क्' पकडणं अवघड, 'का' पकडणं सोपं. त्यामुळे टाळीवर शब्द तोडायचा खेळ आपल्याकडे थेट लिपीपर्यंत पोचतो. मा-मा, दोन टाळ्या, दोन अक्षरं.

मात्र इथे एक खाच आहे. बोलताना आपण 'मोर' म्हणतो तेव्हा शेवटचा र अर्धाच उच्चारतो. मूल बोलण्याच्या चालीवर टाळी वाजवतं तेव्हा एकच टाळी वाजते. लिहिताना मात्र दोन अक्षरं. 'घर', 'फूल', 'बैल' सगळ्यांचं हेच. पण गाण्यात तालासाठी तो र पूर्ण होतो, लांबतो, "मो-र" असा दोन मात्रांवर बसतो. बोलण्यात गिळला जाणारा अ गाण्यात परत ऐकू येतो. म्हणून मराठी मुलाला लिपीची ओळख करून द्यायला गाऊन म्हटलेला शब्द बोललेल्या शब्दापेक्षा जास्त उपयोगी पडतो असं मला वाटतं.

---

निवडुंग

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवतो. थोडं कडू लिहितो, राग मानू नका.

माझ्याकडे दरवर्षी अशी मुलं येतात ज्यांना ढीगभर गाणी येतात, हातवाऱ्यांसकट. पण तक्त्यावर तेच गाणं लिहून दिलं आणि "यातला 'पाऊस' कुठे आहे?" विचारलं की बोट भलतीकडेच. कारण गाणं त्यांच्यासाठी एक सलग आवाज असतो. शब्द कुठे संपतो, पुढचा कुठे सुरू होतो, ते त्यांना माहीत नसतं. बाराखडीचंही तेच. "क ला काना का, पहिली वेलांटी कि, दुसरी वेलांटी की" हे एका दमात म्हणतील, चालीवर म्हणतील. मधलाच 'कू' फळ्यावर लिहून विचारा, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करून तिथपर्यंत म्हणत यावं लागतं. ते पाठांतर झालं, त्याला वाचन म्हणता येणार नाही.

म्हणून बालवाडीच्या ताईंना माझी विनंती आहे, गाणी कमी घ्या पण ती पूर्ण वापरा. आणि शेवटच्या वर्षात थोडी अक्षरं, थोडे काने-मात्रे नीट होऊ द्या. सगळी मुळाक्षरं नकोत. चार-पाच अक्षरं आणि दोन-तीन स्वरचिन्हं पक्की असली की मूल शब्द वाचायला लागतं. फलटणच्या कमला निंबकर बालभवनाचं आणि पालघरकडच्या क्वेस्ट संस्थेचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना वर्णसमूहाची कल्पना माहीत असेल. अ पासून ज्ञ पर्यंत रांगेने जायचं नाही. थोड्या अक्षरांचा एक गट घ्यायचा, त्यातच काना-वेलांटी मिसळायची आणि लगेच अर्थपूर्ण शब्द वाचायचे.

---

सांजवेळ

निवडुंग सर, राग कशाला? तुमच्या वर्गात जे दिसतं ते आम्हाला कळायलाच हवं. तुमचा गटाचा मुद्दा वाचून एक गाणं रचलं. म हे अक्षर, आणि त्याच्याभोवती काना, वेलांटी, ओकार:

मामाच्या मळ्यात मोर आला,
मका खाऊन मोठा झाला.
मोर म्हणाला, "मीनाताई,
माझ्या पिसाला मोल नाही!"

आज वर्गात म्हटलं. मोर कोण होणार यावरून भांडण झालं, शेवटी सगळेच मोर झाले. अजून तक्ता लावलेला नाही. आधी चार-पाच दिवस नुसतं म्हणू, नाचू, "मका खाऊन..." म्हणून थांबू. मग लिहून लावेन. सुधारणा सुचवा.

---

निवडुंग

वा! मा, म, मो, मी एकाच गाण्यात. फक्त 'म्हणाला' खटकतं. जोडाक्षर आलं. 'मोर बोले, ऐक ताई' असं केलं तर?

---

मुळाक्षर

मी 'म्हणाला' ठेवेन. तो शब्द मूल दिवसात पन्नास वेळा ऐकतं, गोष्टींत तर प्रत्येक वाक्यात. गाण्यात तो वाचायला लावायचा नाहीये, नजरेखालून जाऊ द्यायचाय. वाचायला फक्त मोर, मका, मामा हे तीन शब्द काढायचे. आणि 'बोले' केलं तर मीना जाईल, मग 'मी' कुठून आणणार?

आता तक्त्याचं राहिलं होतं ते लिहिते. मोठा कागद, जाड पेन, दोन शब्दांत नेहमीपेक्षा जास्त जागा. निवडुंग म्हणतात तो सलग आवाज मोडायचा तो इथे. ताई गाते आणि बोट शब्दागणिक पुढे सरकतं. घाई नाही. गाण्याचा वेग बोटाच्या वेगाएवढा. बोट शब्दाच्या खाली, शब्द झाकायचा नाही. मग एकेका मुलाला छडी द्यायची आणि बाकीचे गातील. त्याची छडी पुढे धावली किंवा मागे राहिली की गंमत होते. 'मळ्यात' संपायच्या आत छडी 'मोर'वर गेली की इतर मुलंच ओरडतात. तिथेच ते शिकतात की तोंडातल्या एका शब्दाला कागदावरचा एक शब्द असतो.

नंतर शब्दपट्ट्या. 'मोर' ही पट्टी हातात देऊन तक्त्यावर तिची जोडी शोधायची. हे गाणं दोन ठिकाणी 'मोर' दाखवतं, म्हणजे दोनदा सापडेल. मग पट्टी कात्रीने कापायची, मो आणि र वेगळे. पुन्हा जोडायचे. र च्या जागी ठ आणि त्याला काना ठेवला की 'मोठा', ल ठेवला की 'मोल'. इथे आलं की निवडुंग सरांचा गट तुमच्या हातात आहे. एक तक्ता आठवडाभर तरी राहू द्या. रोज नवं गाणं आणायचा मोह आवरा.

---

कपाशी

मी अकोला जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. वजन घ्या, आहार वाटा, पोषण ट्रॅकर या सरकारी अॅपवर नोंदी भरा, त्यातून मुलांसाठी जो वेळ उरतो त्यात गाणी हाच माझा आधार. म्हणून हा धागा दोनदा वाचला.

माझी अडचण वेगळी आहे. आमच्याकडे ळ चा य होतो. डोया, काया, केय. मी स्वतः घरी तसंच बोलते. आता मुलं 'मामाच्या मय्यात मोर आला' म्हणतील. दुरुस्त करायचं का? केलं की मुलं गप्प होतात, एक-दोन तर रडवेली होतात. नाही केलं तर तक्त्यावर ळ आणि तोंडात य.

---

ध्वनिवेडा

कपाशीताई, गाताना अजिबात दुरुस्त करू नका. मुलाची बोली चुकीची नाही, ती त्याच्या घरची भाषा आहे आणि तिच्यातच त्याचा कान तयार झालाय. 'डोया' म्हणणारं मूल 'डो' आणि 'या' बरोबर तोडतंय ना? मग कानाचं काम झालं. तक्ता लावाल तेव्हा एवढं सांगा की आपण डोया म्हणतो, पुस्तकात डोळा असं लिहितात. दोन्ही रूपं मुलांना चटकन समजतात. ताई दोन्ही म्हणते हे पाहिलं की त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

ळ वरून आठवलं. ण आणि ळ ही दोन अक्षरं मराठी शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत. म्हणूनच मुळाक्षरांच्या तक्त्यात 'ण बाणाचा', 'ळ बाळाचा' असतं. आपण मुलाला इतका वेळ शिकवलं की 'क कमळाचा' म्हणजे शब्दाची सुरुवात ऐकायची, आणि इथे एकदम शेवट ऐकायला लावतो. तेही न सांगता. या दोन अक्षरांना मीना-मोरासारखी गाणी चालणारच नाहीत. तिथे यमकच हवं, ओळीच्या टोकाला येणारं. बाण, खाण, वाण. बाळ, माळ, गाळ. यमक जिथे मुलाचं लक्ष नेतं नेमकी तिथेच ही अक्षरं बसतात.

तसंच चाक आणि चार. एकच च, दोन उच्चार. एका गाण्यात दोन्ही आणले तर मुलाचा गोंधळ होईल. सुरुवातीला एकाच उच्चाराचे शब्द घ्या.

---

पिंपळपान

मी पालक. मुलगी साडेचार वर्षांची, पुण्यात इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत. तिला इंग्रजी गाणी येतात, मोबाइलवर मराठीही बघते. आम्हाला तिने मराठी वाचावं असं मनापासून वाटतं. इंग्रजी गाण्यांचा मराठी वाचनाला उपयोग होतो का? आणि मोबाइलवरची गाणी चालतील का? आम्ही दोघं नोकरी करतो, वेळेची ओढाताण असते.

---

मुळाक्षर

पिंपळपान, यमक ऐकायची सवय एका भाषेतून दुसरीत जाते. ती तयारी फुकट जात नाही. पण अक्षरं मराठीचीच दाखवावी लागतील, आणि शब्दसंपत्ती मराठीत हवी. 'मळा' म्हणजे काय हे माहीत नसलेल्या मुलीला 'मळा' वाचून काय मिळणार?

मोबाइलबद्दल माझं स्पष्ट मत आहे. तिथे थांबता येत नाही. "गुळाची..." म्हणून कोणी तिची वाट पाहत नाही. चित्र आधीच सगळं सांगून टाकतं, त्यामुळे कानाला काम उरत नाही. आंघोळ घालताना, वेणी घालताना दोन गाणी म्हणा. पोळीवर तूप लावताना "तू, तू, तूप, अजून तू ने काय?" विचारा. वेगळा वेळ लागत नाही.

---

तारपा

पालघर जिल्ह्यात वारली पाड्यांवर काम करतो. इथे मूल बालवाडीत येतं तेव्हा प्रमाण मराठी त्याला जवळजवळ परकी असते. त्याच्यापुढे मामाचा मळा गायला लागलो तर ते आवाजाची नक्कल करतं, डोळे मात्र कोरे. निवडुंग सरांना जी मुलं भेटतात त्यातली बरीच अशी असणार असा माझा अंदाज आहे. गाणं पाठ, पण त्यातला एकही शब्द त्याचा नाही.

आम्ही आयांना आणि आज्यांना बोलावतो. त्यांनी त्यांच्या भाषेतलं गाणं म्हणायचं, लग्नातलं, शेतातलं, बाळाला निजवायचं, कुठलंही. मुलं अंग हलवून साथ देतात. तेच गाणं आम्ही देवनागरीत तक्त्यावर लिहितो, मुलांच्या बोलीत, जसं उच्चारतात तसंच. बोट फिरवणं, पट्ट्या, सगळं त्याच तक्त्यावर. पहिला वाचलेला शब्द स्वतःच्या घरातला असला की मूल त्या कागदाला आपलं मानतं. प्रमाण मराठीची गाणी नंतर, हळूहळू, हातात वस्तू देऊन, अभिनय करून.

हे काही नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली, त्यातूनच अंगणवाडी निघाली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. माँटेसरीची महागडी साधनं न आणता बिया, शिंपले, पानं वापरली. शाळेने मुलाकडे जायचं ही रीत या मातीतलीच आहे. गाण्याच्या बाबतीतही ती पाळायला हवी.

---

सागरापार

न्यू जर्सीतल्या रविवारच्या मराठी शाळेत स्वयंसेवक म्हणून शिकवते. तारपांच्या मुलांसारखंच इथेही, मराठी ऐकतात पण बोलत नाहीत. उलट तऱ्हा अशी की या मुलांना इंग्रजी वाचता येतं, पण मराठीत 'मोर' लिहिताना ती 'मो' वर थांबतात. ध्वनिवेडा यांनी लिहिलेलं गाण्यातल्या अ चं वाचलं आणि आज वर्गात करून पाहिलं. "मो-र" ताणून गायलं तेव्हा दोन मुलींनी न सांगता दुसरं अक्षर मागितलं. मोराचं गाणं आमच्या तक्त्यावर घेतेय, चालेल ना?

---

सांजवेळ

सागरापार, अगदी घ्या. तारपा, तुमचं वाचून आमच्या वर्गातल्या ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांतल्या मुलांचा विचार आला. त्यांच्या आयांना विचारते.

आजोबांना काय सांगू यावर कोणी लिहिलं नाही. त्यांना पाटीवर अक्षर दिसायला हवं आहे.

---

मुळाक्षर

त्यांना टाळू नका, वर्गात बोलवा. छडी त्यांच्या हातात द्या आणि तक्त्यावर नातवाबरोबर फिरवायला सांगा. 'मोर' कापलेली पट्टी जोडताना नातू दिसला की बरंचसं उत्तर तिथेच मिळेल. आणि हेही सांगा की चार वर्षांच्या मुलाच्या बोटांत पेन्सिल घट्ट धरायची ताकद अजून आलेली नसते. माती मळणं, मणी ओवणं, दाणे निवडणं ही त्याची लिहिण्याची तयारी. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा सगळा एकच पायाभूत टप्पा धरलाय. केंद्र सरकारच्या निपुण भारत मोहिमेचं वाचनाचं उद्दिष्टसुद्धा तिसरीच्या अखेरीचं आहे. चौथ्या वर्षी अक्षर वळलं नाही म्हणून मूल मागे पडत नाही.

---

निवडुंग

याला अनुमोदन. पहिलीत येणाऱ्या मुलाला तक्त्यावर बोट नीट फिरवता आलं आणि पाच-सहा अक्षरं ओळखता आली तर बाकीचं मी बघतो. गिरवून आलेलं पण शब्द तोडता न येणारं मूल मला जास्त जड जातं.

---

कपाशी

ध्वनिवेडा सरांनी सांगितलं तसं ळ चं गाणं जुळवलं. घरी सासूबाईंना म्हणून दाखवलं, त्यांनी चाल लावून दिली.

बाळाच्या गळ्यात मण्यांची माळ,
बाळाच्या पायात चांदीचे चाळ.
चाळ वाजले, झाली सकाळ,
अंगणभर नाचला आमचा बाळ!

चारही ओळींच्या शेवटी ळ आहे. तक्त्यावर तेवढाच लाल खडूने लिहीन. आमची मुलं 'माय', 'चाय' म्हणतील, म्हणू देईन. ज्यांना हवं त्यांनी घ्या. ण चं कोणी करत असेल तर इथेच टाका.